आईच्या ताटात नसलेली भाजी

मला उसवून बघायची खोड आहे. मंगरूळपीरला माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे, आणि एखाद्या बाईच्या अंगावर दुसरीकडून शिवलेला ब्लाउज छान बसलेला दिसला की माझी बोटं वळवळायला लागतात. मुंढ्याला ही सफाई आली कशी? आतून पट्टी लावली की नुसताच कापडाचा आडवा तुकडा? ओळखीतल्या एका बाईचा ब्लाउज मी सैल करून द्यायला म्हणून ठेवून घेतला, पूर्ण उसवला, मनसोक्त पाहिला आणि पुन्हा जसाच्या तसा शिवून दिला. तिला अजून पत्ता नाही. नवरा म्हणतो, तुला वकील करायला हवं होतं, समोरच्याचा धागा न् धागा काढला असतास.

तर अशा बाईच्या आईच्या रक्ताचं कोडं कुणाला सुटेना, तेव्हा ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

माझं माहेर शेलूबाजारच्या जवळ, जीपने जाण्यासारखं. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यावर पालेभाजीचा मळा आहे. पालक, मेथी, चवळी, राजगिरा, आंबाडी, चुका आणि सांबार, म्हणजे तिकडची कोथिंबीर. बाजाराच्या आदल्या दिवशी उन्हं उतरली की घरातल्या बायका वाफ्यात बसतात, भाजी उपटून, झटकून जुड्या बांधतात आणि ओल्या पोत्याखाली झाकून ठेवतात. सकाळी टोपली जीपच्या टपावर आणि आई आत. बाजारात तिची जागा ठरलेली, लिंबाच्या झाडाशेजारची. तिथे ती अशी बसायची, की पालक घ्यायला आलेला माणूस तीन भाज्या घेऊनच उठायचा. "पोराईले चारा बाप्पा, डोये चांगले राह्यतात," हे तिचं पालुपद.

गेल्या वर्षी तिने मला एक विचित्र वस्तू शिवायला सांगितली. जाड सुती कापडाची, दुहेरी, कमरेला बांधायची, पायांमधून घ्यायची पट्टी. कशाला, ते सांगेना. "शिव न तू, वकिली नोको करू," म्हणाली. पण मी माप घेतल्याशिवाय शिवत नाही आणि कारण कळल्याशिवाय माप घेत नाही. शेवटी कळलं. गर्भाची पिशवी खाली सरकली होती. पाण्याने जड झालेल्या टोपल्या उचलण्यात जन्म गेलेला. खाली बसलं की त्रास, उठलं की त्रास, खोकलं तरी त्रास. आणि हे सगळं ती किती काळ मनात दाबून होती ते देवच जाणे. मला राग आला, रडूही आलं. मी दोन्ही एकदमच उरकलं.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ऑपरेशन करू म्हणाल्या. पण आधी रक्त तपासलं, ते फारच कमी निघालं. "तातडीचं नाही, तेव्हा उगीच धोका नको," त्या म्हणाल्या. "गोळ्या देते. जेवण सुधारा. डाळी, उसळी, पालेभाज्या. रक्त वर आलं की तारीख देते. अंगात ताकद असली तर जखमही लवकर भरेल आणि पुढची वर्षंही धड जातील." मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "पालेभाजी खाता ना?"

मी हसूनच सांगितलं की आमचा मळाच पालेभाजीचा आहे. आई भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत बसली.

तोवर ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणजे वाफा बंद आणि बाजारही बंद. लिंबाशेजारच्या जागेवर माझी वहिनी बसायला लागली. वहिनी चांगली आहे, पण ती गिऱ्हाइकाशी भाव सोडून दुसरं बोलत नाही. आई दारात बसून जीप गेलेल्या दिशेला पाहत राहायची. मला म्हणाली, "ऑपरेशन करून घ्या लवकर. घरी बसून बसून मी भाजीवानी सुकून जाईन." तिला आराम नको होता, सेवा नको होती, तिला तिची जागा परत हवी होती. मला ते पुरतं कळलं होतं.

पुढच्या तपासणीत रक्त तिथल्या तिथेच. डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. जेवता का? जेवतो. आईचा आवाज असा दुखावलेला, की पुढे विचारायची सोय नव्हती. मला मात्र जीपमध्ये बसल्यापासून चैन पडेना. मळ्यात राहणाऱ्या, भाकरी-डाळ खाणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्या बाईचं रक्त वाढत नाही, तर ते जातं कुठे?

पितृपक्षात आमच्या धंद्याला शांतता असते, नवं कापड कुणी शिवायला टाकत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि सरळ माहेरी जाऊन राहिले. वहिनीला सांगितलं, मी आराम करायला आलेय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आराम हा शब्द तिने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा.

पहिला धागा दुसऱ्याच सकाळी हाताला लागला. वहिनीने चहा आणला, आईने उशाशी ठेवलेली रक्तवाढीची गोळी जिभेवर टाकली आणि वरून चहाचा घोट घेतला. मस्त, सवयीने. मी वाशीमला फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, चहाबरोबर घेतली तर तिच्यातलं लोह अंगी कसं लागणार? लिंबू-पाण्याबरोबर घ्या. आणि जेवणावरही लगेच चहा नको, चांगला तासभर तरी जाऊ द्या." आमच्या आईचं तर जेवण म्हणजे दोन चहांच्या मधली जागा. चहा हा तिचा एकुलता एक शौक. साखर कमी चालेल, दूध कमी चालेल, पण चहा हवा आणि तो कपभर हवा.

त्यातच हेही कळलं की मधल्या काळात तिने गोळ्या बंदच ठेवल्या होत्या. "पोट बांधून येते त्याच्यानं. मंग जोर लावा लागते, आन जोर लावला का ते खाली येते," ती हळूच म्हणाली. मी पुन्हा फोन केला. गोळी बदलून मिळाली. डॉक्टरीणबाईंनी परत तेच सांगितलं, पाणी वाढवा, पालेभाजी वाढवा, पोटही सुटेल आणि रक्तालाही हातभार लागेल. नुसत्या भाजीने होणार नाही आणि नुसत्या गोळीनेही नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं, की मला ते अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

मग मी ताटाकडे वळले. आमच्या घरी पुरुष आणि पोरं आधी जेवतात, बायका मागून. आईचं ताट त्यामुळे कुणी कधी नीट पाहिलेलंच नव्हतं, मी धरून. मी म्हटलं, आई, आपण एका ताटात जेवू, मी लहान होते तसं. तिला आवडलं ते. ताटात ज्वारीची भाकरी होती, तुरीचं वरण, ठेचा आणि चवळीची भाजी. गप्पा मारता मारता तिने भाजी बोटाने माझ्या बाजूला सरकवली. "तू खाय. तुले आवडते."

दुसऱ्या दिवशी राजगिरा होता. "त्याच्यानं मले ढेकर येतात." तिसऱ्या दिवशी मेथी. "कडू लागून राह्यली आज." मला गंमत वाटली. खरं कारण असतं तर ते रोज एकच असतं. रोज नवीन सांगावं लागतं, म्हणजे कुठेतरी कच्चा टाका आहे.

मी वहिनीला मागच्या अंगणात गाठलं. ती भांडी घासत होती.

"आई पालेभाजी खात नाही का गं?"

"नाई खात. मी लगन होऊन आल्यापासून पाह्यलंच नाई," वहिनी म्हणाली. "मले वाटलं, दिवसभर त्याच्यातच हात राह्यतात, पाहून पाहून जीव इटला असन त्याईचा."

"मग तू कधी विचारलं नाहीस?"

"बाई, आमी तुमच्यासारखं इचारत बसलो तर सैपाक कवा करा?"

मी तिथेच दगडावर बसले आणि मागे मागे आठवत गेले. लहानपणी चुलीवर भाजी होत आली, की आई मला हाक मारायची आणि चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवायची. "मीठ पाह्य बरं व." मला केवढा मान वाटायचा! घरातली मीठ-अधिकारी मी. पण आता बोटांनी मोजल्यासारखं एकेक आठवलं, तर वांग्याचं मीठ तिने मला कधी विचारलं नव्हतं. पिठल्याचं नाही, वरणाचं नाही. ते ती स्वतः चाखायची. फक्त पाल्याचं माझ्याकडे असायचं. म्हणजे हे वहिनीच्याही आधीपासूनचं होतं. बाजारात लोकांना डोळे चांगले राहतात म्हणून सांगणारी ही बाई स्वतः पालेभाजीचा घास घेत नव्हती, आणि का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरळ विचारलं असतं तर तिने आणखी एक ढेकर पुढे केला असता. म्हणून मी कारस्थान केलं. सांबार तिला चालायचा, चटणीत, वरणावर, कुठेही. तो तिच्या लेखी मसाला. मी कोवळा पालक उकळत्या पाण्यातून काढून, वाटून, ज्वारीच्या पिठात मळला. वर तीळ, ओवा, लसूण, हिरवी मिरची. तव्यावर खरपूस धपाटे केले. वहिनी म्हणाली, रंग दिसते. मी म्हटलं, सांबार जास्त पडला म्हणून सांगू. आई पाटावर बसली, एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. दोनदा चावला असेल नसेल.

तिचा चेहरा उतरला. चावणं थांबलं. मग भिंतीला धरून उठली, मोरीत गेली, घास थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली, जीभ बोटाने घासली. मी मागे धावले. मला वाटलं, आता रागवेल. पाल्याशी आयुष्य काढलेल्या बाईला सांबार म्हणून पालक चारायचा, माझीही कमालच होती.

ती रागावली नाही. वळली आणि ओला हात माझ्या कपाळावर ठेवला. मग मानेवर. मग उलटा करून गालावर. थंडगार हात.

"बरं हाय न तुले? अंग दुखत नाई न?"

"मला काय झालंय?"

"ताप त नाई न?"

मी दुकान चालवणारी, वयात आलेल्या पोरांची आई, आणि ती मोरीच्या दारात माझा ताप बघत होती. मला तेव्हाच सगळं कळलं. फक्त तपशील कळायचा राहिला होता, आणि तो तिने नंतर पाटावर बसून सांगितला, धपाट्याचं ताट दूर सारून.

मी धड चालायला लागले तेव्हा मुदतीचा ताप आला होता. उतरेचना. डोळे पांढरे झाले होते म्हणे. वडील मला घेऊन दवाखान्यात आणि ही एकटी देवीच्या पायरीवर. "देवीले काय देऊ, मले सुचेना. आंगावर दागिना नाई, घरात दाना नाई. मंग म्हनलं, माय, मले पाला लय आवडते, दुसरं काईच नाई एवढं आवडत. तो तुले देला. माही पोर मले दे." ती सहज सांगत होती, एखाद्याच्या घरी विरजण द्यावं तसं. "तू वाचली. मंग मी कशी खाऊ?"

"पण मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगाचं काय त्याच्यात? सांगतलं असतं त तू खाल्ली असती का सुखानं?"

मला भडभडून आलं. आणि रडता रडता माझ्यातली ती उसवणारी बाई जागीच होती, कारण मी विचारलं, "सगळ्यात आवडती कोणती होती?" ती लगेच म्हणाली, "घोळ. डाळीतली." घोळ आमच्या वाफ्यात कुणी पेरत नाही, ती आपली आपणच उगवते. आई ती निंदणात उपटायची आणि आम्हाला करून घालायची.

मी समजावायला लागले. मी वाचले, मोठी झाले, देवीला तिचं पोचलं, आता बस. ती मान हलवायची. "देलेलं वापस घेत नसते कोनी." मी म्हटलं, तुझं ऑपरेशन अडलंय. म्हणाली, अडू दे. मी म्हटलं, तुझी बाजारातली जागा? तिचे डोळे भरले, पण मान तशीच हलली. तिच्या त्या मान हलवण्याचा मला असा संताप आला, की मी काय बोलतेय हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"ठीक आहे. मग मीही सोडली. तुझं रक्त वाढेपर्यंत पालेभाजी मला वर्ज्य. देवी साक्षी आहे."

"चूप! बह्याड झाली का तू? असं बोलू नाई, आयकते ते!"

"ऐकावं म्हणूनच बोलले."

"तुले पोरं हायेत, दिवसभर मशीनवर बसते, तुह्या आंगात काय राह्यन? काहून सोडते तू?"

"तू काहून सोडली होतीस?"

 मी खरंच मानते का हे सगळं?  एवढं मात्र खरं, की त्या संध्याकाळी वहिनीने चुका-डाळ वाढली आणि मी ती खाल्ली नाही. आईने माझं भाजीवाचूनचं ताट पाहिलं आणि तिलाही जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. आम्ही दोघी समोरासमोर ठेचा-भाकरी खात बसलो. ती माझ्याशी बोलत नव्हती. एकदा म्हणाली तेवढं, "बापावर गेली."

मग एका सकाळी ती लुगडं बदलून हळूहळू देवीच्या देवळात गेली. सोबत कुणी यायचं नाही म्हणाली. परत आली तेव्हा वहिनीने नेहमीसारखा चहा पुढे केला. आईने कपाकडे पाहिलं, वास घेतला आणि कप परत वहिनीच्या हातात दिला.

"च्या देला बाई तिले," ती म्हणाली. "म्हनलं, पाला वापस दे. त्याच्या बदल्यात आता मले सर्व्यात प्यारं हाय ते घे. तुह्यं नुकसान नाई."

"मग देवी काय म्हणाली?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते काय म्हनते? हळद सांडली तिच्या आंगावरची थोडी. मी समजलो, पटलं तिले."

मी उठून वाफ्यात गेले आणि बांधाच्या कडेने मिळाली तेवढी घोळ खुडून आणली. वहिनीने तुरीच्या डाळीत शिजवली, लसणाची फोडणी दिली, वरून लिंबू. आई जेवायला बसली. घास तोंडापाशी नेऊन थांबली, एकदा माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग खाल्ला. मी आणि वहिनी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने सावकाश चावलं.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. आणि पुन्हा घास घेतला.

त्यानंतरचे काही दिवस डोकं दुखून तिचा जीव जाईल असं वाटलं. चहाची वेळ झाली की ती अंगणात येरझारा घालायची, वहिनीवर चिडायची, वहिनीच्या कपाचा वास आला तर उठून जायची. गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. भाजी मात्र खायची, रोज, आम्हा सगळ्यांच्या समोर. आता ती आणि वहिनी पोरांबरोबरच जेवायला बसतात, कारण मी भावाला स्पष्ट सांगितलं, की मला आईचं ताट दिसलं पाहिजे, मी नसेन तेव्हा तुला दिसलं पाहिजे. तो आधी कुरकुरला, मग सरकून बसला.

रक्त हळूहळू वर आलं. एकदम नाही, पण आलं. परवा वाशीमला डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, आईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून आतली लाली पाहिली आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. आईने पहिला प्रश्न विचारला, बाजारात कवा बसता येईन? बसता येईल, पण टोपली दुसऱ्याने उचलायची, कायमची, असं उत्तर आलं. "उचलन सूनबाई," आई म्हणाली. "मी बोलीन."

स्टँडवर गाडीला वेळ होता. शेजारच्या टपरीवर आलं घालून चहा उकळत होता. आई बाकड्यावर बसली आणि एकटक तिकडेच पाहायला लागली. मी म्हटलं, चल, दुसरीकडे बसू. ती हलली नाही.

"एक सांगू?" ती म्हणाली. "पाला सोडला तवा काईच जड नोयतं गेलं. तू होती न डोयापुढं. हा च्या मी माह्यासाठी सोडला. सोतासाठी सोडनं लय जड जाते व."

"मग माझ्यासाठी सोडला असं समज."

"तसंच समजून राह्यलो बाप्पा," आई म्हणाली. "नाईतर पह्यल्याच दिवशी पेलो असतो."